नासलेल्या भाजीचा तोटा कोणाच्या माथी?

बिस्किटाचा पुडा दुकानाच्या फळीवर सहा महिने पडून राहिला तरी दुकानदाराची झोप उडत नाही. पालकाची जुडी मात्र दुसऱ्या दिवशी मान टाकते आणि तिसऱ्या दिवशी तिचा चिखल होतो. गरीब वस्त्यांमध्ये ताजी फळं आणि भाज्या का पोचत नाहीत, यावर गेल्या तीस वर्षांत ढीगभर संशोधन झालंय, नकाशे निघालेत, कायदे झालेत आणि पैसाही भरपूर खर्च झालाय. तरी त्यातल्या बऱ्याच योजनांच्या हाती फारसं काही लागलं नाही. का लागलं नाही हे शोधायला गेलं, की पुडा आणि जुडी यांच्यातला हा फरक कोणीतरी विसरलेलं असतं.

भाजी हा नाशवंत माल. शेतातून निघाल्यापासून ताटात पडेपर्यंत ती नासण्याचा धोका कोणाच्या तरी डोक्यावर असतोच. आधी शेतकऱ्याच्या, मग घाऊक व्यापाऱ्याच्या, मग दुकानदाराच्या आणि शेवटी ती विकत घेणाऱ्या घराच्या. ज्याच्याकडे शीतगृह आहे, गिऱ्हाईक आहे, गाठीला पैसा आहे, त्याचा थोडा माल सडला तरी तो उभा राहतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो असा माल घेण्याच्या भानगडीतच पडत नाही. दुकानदार ठेवत नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नाही, आणि गिऱ्हाईक मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही. बाहेरून बघणारा म्हणतो, इथल्या लोकांना भाजीची आवडच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: भाजी गरिबांपर्यंत पोचवायची असेल तर हा नासण्याचा तोटा त्यांच्या डोक्यावरून उतरवावा लागतो. ज्या योजनांनी तो उतरवला त्या चालल्या. ज्यांनी नुसतं दुकान जवळ आणलं त्या अडखळल्या.

किती खायची आणि किती परवडते

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस साधी आहे. मोठ्या माणसाने दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात. बटाटा, रताळं, कसावा असे पिठूळ कंद यात धरायचे नाहीत. चार मोठ्या माणसांच्या घराला याप्रमाणे दिवसाला 1600 ग्रॅम लागतात, म्हणजे वर्षाला 584 किलो. हा आकडा लक्षात असू द्या, परसबागेचा विषय निघेल तेव्हा तो कामाला येईल.

2016 मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात 18 देशांतल्या घरांचा एक अभ्यास छापून आला. दिवसाला माणशी दोन वेळा फळं आणि तीन वेळा भाज्या घ्यायच्या तर उत्पन्नाचा किती वाटा त्यात जाईल, असा हिशेब त्यात मांडला होता. श्रीमंत देशांत हा वाटा 2 टक्क्यांहूनही कमी निघाला. गरीब देशांत तो 52 टक्क्यांच्या आसपास होता. अर्धी कमाई फळं-भाजीत घालायची आणि भाडं, औषधपाणी, मुलांच्या वह्या उरलेल्या अर्ध्यात भागवायच्या. असं कुठलंच घर करणार नाही आणि कोणी करावं असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नविषयक अहवालानुसार 2024 मध्ये जगातल्या सुमारे 2.6 अब्ज लोकांना सकस आहार परवडत नव्हता.

यात आणखी एक मेख आहे. पोट भरण्यासाठी उष्मांक लागतात, आणि एका रकमेत सगळ्यात जास्त उष्मांक मिळतात ते तेल, साखर आणि पीठ यांतून. हिरव्या पाल्यात बहुतेक पाणीच असतं. महिनाअखेरीला हातात थोडेच पैसे असलेला माणूस पोटाला आधार देणारं घेतो. हे अज्ञानातून होत नाही. तो चोख हिशेब आहे, आणि आहारतज्ज्ञाने त्याच्या जागी उभं राहून केला तर त्याचंही उत्तर हेच येईल.

नकाशावरचं वाळवंट

1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘फूड डेझर्ट’ म्हणजे अन्नाचं वाळवंट हा शब्द रूढ झाला. ज्या वस्तीत परवडेल असं ताजं अन्न विकणारं दुकान जवळपास नाही, ती वस्ती म्हणजे वाळवंट. शब्द चटकदार होता, राजकारण्यांना आणि वर्तमानपत्रांना लगेच आवडला. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याचे नकाशेच बनवले. उत्पन्न कमी आणि शहरात एक मैलाच्या, खेड्यात दहा मैलांच्या आत सुपरमार्केट नाही, अशा भागांची त्यावर नोंद झाली.

नकाशाचा उपयोग आहेच, पण तो जे मोजतो तेवढंच दाखवतो. सुपरमार्केट मोजलं की कोपऱ्यावरचं छोटं दुकान, हातगाडी, आठवड्याचा बाजार गायब होतात. मैल मोजला की त्या मैलात लागणारा उड्डाणपूल, रात्री अंधार असलेला रस्ता, कडेवरचं मूल आणि दोन्ही हातांतल्या पिशव्या दिसत नाहीत. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला एक मैल म्हणजे तीन मिनिटं. दोन बस बदलून जाणाऱ्याची अख्खी संध्याकाळ त्यात जाते.

शब्दावरही आक्षेप आले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये वर्षानुवर्षं सामुदायिक शेती करणाऱ्या कॅरन वॉशिंग्टन ‘वाळवंट’ म्हणायला नकार देतात, त्या ‘फूड अपार्थाइड’ म्हणजे अन्नातला वर्णभेद म्हणतात. वाळवंट निसर्ग घडवतो, ही परिस्थिती माणसांनी घडवली आहे, हा त्यातला मुद्दा. तो खरा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतला गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि मोठी दुकानं त्याच्या मागोमाग गेली. मागे राहिलेल्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बँका कर्ज देत नव्हत्या, कारण 1930 च्या दशकातच त्यांच्यावर नकाशात लाल रंग भरून ‘धोक्याचा भाग’ असा शिक्का मारला गेला होता. बाल्टिमोर शहराने 2018 मध्ये सरकारी कागदांतून ‘वाळवंट’ काढून टाकलं आणि ‘सकस अन्नासाठी प्राधान्याचे भाग’ असा शब्द घेतला. जरा रुक्ष आहे, पण निदान काम कुठे करायचंय ते सांगतो.

दुकान आलं, ताट तसंच राहिलं

वाळवंट आहे तर विहीर खणा, म्हणजे सुपरमार्केट आणा, हा पहिला उपाय सुचणं साहजिक होतं. पेन्सिल्व्हेनिया राज्याने 2004 मध्ये 3 कोटी डॉलरचं भांडवल घालून गरीब वस्त्यांतल्या किराणा दुकानांना कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली. त्या कार्यक्रमातून 88 प्रकल्प उभे राहिले किंवा सावरले. पुढे इतरांनी तोच नमुना उचलला.

मग अभ्यास आले. फिलाडेल्फियात नवं सुपरमार्केट उघडलेल्या एका वस्तीची तशाच दुसऱ्या वस्तीशी तुलना करणारा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. आता भाजी मिळते हे लोकांच्या लक्षात आलं होतं, पण खाण्यात फळं-भाज्या वाढल्या नव्हत्या. त्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सच्या सीक्रॉफ्ट भागात 2000 साली मोठं दुकान उघडलं, तेव्हा सगळ्यात कमी भाजी खाणाऱ्या घरांत थोडी वाढ दिसली होती. ग्लासगोतल्या तशाच अभ्यासात फारसं काही हाती लागलं नाही.

2019 मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी देशभरातल्या घरांच्या खरेदीची माहिती घेऊन मोठा हिशेब केला. गरीब घरांना श्रीमंत वस्तीतला तोच माल त्याच भावाने मिळाला, तर दोन्हींच्या आहारातली दरी किती भरेल? उत्तर आलं, सुमारे 10 टक्के. लोक आधीपासूनच लांबच्या सुपरमार्केटात जात होते. नवं जवळ आलं तेव्हा त्यांनी जुनं सोडून नवं धरलं, पिशवीतला माल मात्र तोच राहिला. उरलेल्या 90 टक्क्यांना अभ्यासकांनी ‘मागणी’ हे नाव दिलं.

इथे वाचकाची फसगत होते. ‘मागणी’ म्हटलं की मनात लगेच ‘आवड’ येतं आणि मग ‘लोकांना शिकवा’ हा पुढचा सल्ला तयारच असतो. पण मागणीत आवडीबरोबर पगार, वेळ, फ्रीज, चूल आणि भीती हे सगळं येतं. शिवाय भाव सारखा असला म्हणून तो सगळ्यांना सारखाच परवडतो असं नाही. भीती हा शब्द इथे कशाला, असं वाटलं असेल, तर पुढचा भाग त्याबद्दलच आहे.

नको म्हणणारं मूल

लहान मूल नवी चव पहिल्या घासाला स्वीकारत नाही. एखादी भाजी आठ ते पंधरा वेळा समोर आली की मग ते हळूहळू ती खायला लागतं, असं बालआहाराच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे गाजर आवडायला लावायचं तर आधी डझनभर वेळा गाजर कचऱ्यात जाणार. पैसेवाल्या घराला याचं काही वाटत नाही. मूल नको म्हणालं, टाकून द्या, उद्या पुन्हा करू.

बॉस्टन भागातल्या पालकांशी बोलून केलेला एक अभ्यास 2016 मध्ये आला. त्यात कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आयांनी सरळ सांगितलं, की मूल जे टाकून देईल ते आपण आणतच नाही. टाकलेल्या भाजीचे पैसे जातात आणि मूल उपाशी राहतं म्हणून वर दुसरं काहीतरी द्यावं लागतं. त्यापेक्षा जे हमखास खाल्लं जाईल ते आणलेलं बरं. हमखास खाल्लं जाणारं म्हणजे अर्थातच गोड, तळलेलं, पाकीटबंद.

हा अभ्यास मला या सगळ्या विषयातला सगळ्यात डोळे उघडणारा वाटतो. त्या आईला भाजीचे फायदे चांगले ठाऊक आहेत. तिला भित्तिपत्रक नको, टाकलेल्या डझनभर गाजरांची किंमत दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवी. आज न आणलेल्या भाजीची चव मुलाला लागत नाही, ते मूल मोठं होऊन आपल्या घरातही ती आणत नाही, आणि मग सर्वेक्षणात ते ‘आवडनिवड’ या रकान्यात दिसतं.

घरातली बाकीची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून ती भराभर सांगतो. फ्रीज नसला किंवा वीज जात-येत असली तर भाजी रोज आणावी लागते. रोजंदारीवर पैसे रोज येतात, पण बाजाराची वेळ आणि कामाची वेळ एकच असते. एकाच चुलीवर निवडणं, धुणं, चिरणं, शिजवणं करायला तास जातो आणि इंधनही जातं. दोन पाळ्या करून आलेल्या बाईकडे तो तास नसतो.

दुकानदाराच्या बाजूने

छोट्या दुकानदाराला कोणी विचारत नाही, म्हणून त्याचं गणित इथे जरा सविस्तर मांडतो.

शीतपेयाची कंपनी त्याला फ्रीज फुकट देते, अट एवढीच की त्यात तिच्याच बाटल्या ठेवायच्या. पाकिटांचा विक्रेता गाडी घेऊन दारात येतो, फळीवर माल स्वतः लावून देतो, आणि मुदत संपलेली पाकिटं बऱ्याचदा परतही घेऊन जातो. म्हणजे त्या मालाचा तोटा दुकानदाराच्या अंगावर येतच नाही. भाजी मात्र त्याला पहाटे उठून घाऊक बाजारातून स्वतः आणावी लागते. तिथे पाच-सहा नग मिळत नाहीत, अख्खी पेटी उचलावी लागते. पेटीतलं अर्धं खपतं, उरलेलं सडतं, आणि सडलेलं परत घेणारा कोणी नसतो. तोटा भरून काढायला तो भाव चढवतो. चढा भाव आणि कोमेजलेला माल बघून गिऱ्हाईक तोंड फिरवतं, त्यामुळे आणखी सडतं. दोन आठवड्यांत त्या फळीवर पुन्हा चिप्सची पाकिटं येतात.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने यावर कायद्याचा बडगा उगारून पाहिला. किराण्याचा परवाना हवा असेल तर ठरावीक प्रमाणात ताजी फळं-भाज्या, कडधान्यं वगैरे ठेवलीच पाहिजेत, असा नियम त्यांनी केला आणि 2014 मध्ये तो आणखी कडक केला. दुकानांत माल थोडा वाढला, पण असा नियम नसलेल्या शेजारच्या सेंट पॉल शहरातही तेवढीच वाढ दिसली. दंडाच्या धाकाने केळी फळीवर येतात, ती खपतीलच असं नाही.

त्याच देशात उलट्या बाजूने झालेला बदल बघा. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी ‘विक’ नावाची केंद्र सरकारची पोषण योजना आहे. 2009 पर्यंत तिच्यात दूध, अंडी, रस असं मिळायचं, ताजी भाजी जवळजवळ नव्हतीच. त्या वर्षी फळं-भाज्यांसाठी वेगळी कूपनं सुरू झाली, मुलामागे महिन्याला 6 डॉलर. रक्कम चिमूटभर. पण योजनेत राहायचं तर दुकानाला ठरलेला किमान माल ठेवावाच लागणार होता, आणि यावेळी तो घ्यायला कूपनं हातात घेऊन येणारी गिऱ्हाइकंही होती. गरीब वस्त्यांतल्या छोट्या दुकानांत ताजा माल वाढल्याचं नंतरच्या पाहणीत दिसलं. अट दोन्हीकडे होती. फरक इतकाच की एकीकडे तोटा दुकानदाराचा होता, दुसरीकडे खप सरकारने बांधून दिला होता.

भाव कमी केला की हात पुढे होतो

गिऱ्हाइकाच्या बाजूने तोटा हलका करायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे भाजी स्वस्त करणं. याचा बऱ्यापैकी काटेकोर प्रयोग मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीत 2011-12 मध्ये झाला. अन्न-मदतीचं कार्ड असलेल्या घरांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी 7,500 घरं निवडली. त्यांनी फळं-भाज्यांवर कार्डातून एक डॉलर खर्च केला की 30 सेंट लगेच कार्डात परत जमा. बाकी काही नाही, व्याख्यान नाही, पत्रक नाही. या घरांतली मोठी माणसं इतरांपेक्षा सुमारे 26 टक्के जास्त फळं-भाज्या खाताना आढळली. शिफारशीपर्यंत तीही पोचली नाहीत, हेही सांगायला हवं.

डेट्रॉइटमध्ये 2009 साली याहून सढळ योजना सुरू झाली. शेतकरी बाजारात अन्न-मदतीचा एक डॉलर खर्च केला की भाजीसाठी आणखी एक डॉलर वर. ती पुढे अनेक राज्यांत पसरली. 2014 च्या शेती कायद्यात अशा योजनांसाठी पाच वर्षांना 10 कोटी डॉलर ठेवले गेले आणि 2018 मध्ये ती रक्कम 25 कोटी झाली.

ब्रिटनमध्ये ‘हेल्दी स्टार्ट’ ही योजना 2006 पासून आहे. कमी उत्पन्नाच्या गरोदर बायकांना आणि चार वर्षांखालची मुलं असलेल्या घरांना दूध, फळं, भाज्या, कडधान्यं घ्यायला आठवड्याची ठरावीक रक्कम मिळते. तिच्याकडून एक धडा घ्यावा. मदतीची रक्कम वर्षानुवर्षं 3.10 पौंडांवर अडकून होती. ती 4.25 पौंड व्हायला 2021 उजाडलं. तोवर बाजारातले भाव काही थांबले नव्हते. रक्कम महागाईशी बांधलेली नसेल तर योजना कागदावर तशीच राहते आणि पिशवी दरवर्षी हलकी होत जाते.

कूपन कसं दिसतं, यालाही महत्त्व आहे. रांगेत सगळ्यांसमोर वेगळ्या रंगाचा कागद काढावा लागला की माणूस दुसऱ्या खेपेला तिकडे फिरकत नाही. कार्ड आलं की ही लाज कमी होते, पण मग कार्डाचं मशीन नसलेला टोपलीवाला योजनेतून बाहेर पडतो, आणि ताजा माल स्वस्तात देणारा बऱ्याचदा तोच असतो. यावर अमेरिकेतल्या शेतकरी बाजारांनी काढलेला तोडगा मला आवडतो. बाजाराच्या तोंडाशी एकच मशीन, तिथे कार्ड ओढायचं आणि लाकडी बिल्ले घ्यायचे. कुठल्याही शेतकऱ्याला ते द्या, संध्याकाळी तो व्यवस्थापकाकडून पैसे घेईल.

डॉक्टरांनी औषधासारखी भाजी ‘लिहून देण्याच्या’ योजनाही अलीकडे बऱ्याच निघाल्या आहेत. चिठ्ठी दाखवा, भाजी मिळवा. त्यातून खाणं वाढतं, हे दिसलंय. रोगावर परिणाम होतो का, यावर मात्र सावध राहावं. मधुमेहींना सकस अन्न, आहारतज्ज्ञ आणि सल्ला असं सगळं देणाऱ्या एका कार्यक्रमाची चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साखर कमी झाली खरी, पण कार्यक्रमात नसलेल्या गटाचीही जवळपास तेवढीच झाली. तुलनेला दुसरा गट घेतला नसता तर सगळं श्रेय भाजीला गेलं असतं.

बेलो होरिझोंतेची देवघेव

ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने 1993 मध्ये अन्नासाठी नगरपालिकेत वेगळं खातंच उघडलं. अन्न मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि बाजार तिथे पोचत नसेल तर पोचवणं हे पालिकेचं काम आहे, असं त्यांनी मानलं. त्यांच्या अनेक उपक्रमांतला एक फार हुशारीचा आहे.

पालिकेने शहरातल्या मोक्याच्या, वर्दळीच्या जागा भाजी विक्रेत्यांना दिल्या. बदल्यात अटी दोन. रोजच्या लागणीच्या वीसेक वस्तू पालिकेने ठरवलेल्या भावाने, बाजारापेक्षा स्वस्त विकायच्या. बाकीच्या मालाचा भाव तुमचा तुम्ही ठरवा. आणि शनिवार-रविवारी गाडी भरून शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत जायचं, तिथेही त्याच भावाने विकायचं.

इथे पैशाचं अनुदान नाही. पालिकेकडे जागा होती, विक्रेत्याला जागेची गरज होती. मोक्याच्या जागेवरचा खप इतका मोठा की स्वस्त वीस वस्तूंचा आणि कडेच्या वस्तीतल्या फेरीचा तोटा त्यात सहज मुरतो. म्हणजे नासण्याची जोखीम वर्दळीच्या भागातल्या खपावर टाकली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जे एकट्याने कधीच जमलं नसतं, ते या देवघेवीने जमवलं.

हातगाडीचं गणितही असंच सोपं आहे. तिला भाडं नाही, रोज थोडाच माल घ्यायचा, इथे खपला नाही तर पुढच्या गल्लीत ढकलायची. न्यूयॉर्कने 2008 मध्ये फक्त अख्खी फळं-भाज्या विकणाऱ्या, ठरलेल्या गरीब भागांतच फिरणाऱ्या 1,000 गाड्यांना परवाने द्यायचं ठरवलं. विक्रेता मात्र स्वभावतःच गर्दीकडे ओढला जातो, स्टेशनाकडे, रुग्णालयाच्या फाटकाकडे. त्यामुळे परवान्याच्या नकाशातही सगळ्यात ओसाड कोपरा मागेच राहतो. बेलो होरिझोंतेची ती शनिवारची अट म्हणूनच मोलाची.

शाळा

मघाच्या टाकलेल्या गाजराकडे परत येऊ. ते गाजर घराच्या पैशाने न टाकता सरकारच्या पैशाने टाकायची एक जागा आहे, शाळा. इंग्लंडमध्ये 2004 पासून चार ते सहा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत रोज एक फळ किंवा भाजी फुकट मिळते. मूल ते खाईल, अर्धं टाकेल, मित्राला देईल. घराचं काहीच जात नाही, आणि बरोबरीची मुलं खाताना बघून नको-नको करणारंही एक घास घेतं. या योजनेच्या सुरुवातीच्या पाहणीत एक उणीव दिसली: मुलं फळ मिळण्याच्या वयातून पुढे सरकली की खाणं पुन्हा खाली आलं. दोन-तीन वर्षं पुरत नाहीत.

ब्राझीलने शाळेच्या जेवणाला शेताची जोड दिली. 2009 च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला निदान 30 टक्के भाग कुटुंबाच्या छोट्या शेतीतून खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. लहान शेतकऱ्याला वर्षभराचं हमखास गिऱ्हाईक मिळालं. बाजारात भाव पडला म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी येते ती गिऱ्हाईक हमखास नसल्यामुळेच.

परसबाग, गारवा आणि ‘ताजं’ या शब्दाचा हट्ट

परसबागेबद्दल लोक फार हळवे असतात. मीही आहे. पण 584 किलो आठवा. खिडकीतल्या कुंड्यांतून चौघांची वर्षभराची भाजी निघत नाही. बाग चालते ती पालेभाजीसाठी, कारण पालेभाजी सगळ्यात लवकर नासते आणि तोडून लगेच चुलीवर गेली तर तोटा शून्य. बांगलादेशात हेलन केलर इंटरनॅशनल या संस्थेने 1990 च्या सुमारास घराभोवतीच्या बागांचा कार्यक्रम सुरू केला. त्याचा रोख ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर होता, अख्ख्या आहारावर नव्हता. जुन्या शहरांत बाग करायची तर आधी माती तपासून घ्यावी. पूर्वीच्या रंगांतलं आणि पेट्रोलच्या धुरातलं शिसं तिथे अजून असू शकतं.

मालाचं आयुष्य वाढवणं हाही तोटा कमी करायचाच मार्ग आहे. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने एका मडक्यात दुसरं मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, असा विजेशिवायचा गारवा गावोगावी पोचवला. 2000 साली त्याला रोलेक्स पुरस्कार मिळाला. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, एवढंच त्यामागचं विज्ञान. कोरड्या हवेत ते छान चालतं, दमट हवेत जवळजवळ निकामी ठरतं.

आणि जाता जाता ‘ताजं’ या शब्दाशी थोडं भांडण. तोडल्यावर काही तासांत गोठवलेल्या वाटाण्यात आठवडाभर प्रवास केलेल्या ‘ताज्या’ वाटाण्याइतकं, कधी त्याहून जास्तच ‘क’ जीवनसत्त्व असतं. गोठवलेली भाजी सडत नाही, निवडावी लागत नाही, हवी तेवढीच काढता येते. घरात किंवा निदान दुकानात गोठवायची सोय असेल तर टाकून द्यायच्या भाजीचा प्रश्नच बराचसा मिटतो. डब्यातली, मीठ-साखर न घातलेली भाजीही कामाची आहे. ‘हेल्दी स्टार्ट’मध्ये या दोन्ही चालतात. अनेक योजना मात्र ‘फक्त ताजं’ असा हट्ट धरून बसतात. बागेतून आलेली टोपली फोटोत छान दिसते, हे त्यामागचं एक कारण असावं, असा मला दाट संशय आहे.

शेवटचा मुद्दा पैशाच्या मुदतीचा. बहुतेक प्रकल्प दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालतात. पहिलं वर्ष माणसं जोडण्यात जातं, दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक यायला लागतं, तिसऱ्या वर्षी अहवाल लिहायची वेळ येते. मूल एक भाजी आवडून घ्यायलाच डझनभर खेपा लावतं आणि वस्तीला बाजारावर विश्वास बसायला त्याहून जास्त वेळ लागतो. बेलो होरिझोंतेचं खातं महापौर बदलले तरी टिकलं, कारण रस्ते आणि पाण्यासारखं ते पालिकेच्या नेहमीच्या कामात बसलेलं होतं. इतरत्र अनुदान संपतं, प्रकल्पाने दिलेला छोटा फ्रीज बिघडतो, दुरुस्तीला पैसे नसतात. मग शीतपेयाच्या कंपनीचा माणूस येतो आणि नवा फ्रीज फुकट देऊन जातो.